इरलं कुठाय? अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांनी थिअरी कशी वाचावी

माझ्या फाईलचं नाव 'लावणी' होतं. दुसऱ्या सेमिस्टरला एक शॉट करून द्यायचा होता आणि मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली भाताची रोप लावणी घेतली होती. ११ सेकंदांचा शॉट, सेकंदाला १२ चित्रं, एकूण १३२. फाईलचं नाव पडद्यावर आलं तशी मागच्या बाकावरनं शिट्टी आली, कारण पोरांना दुसरी लावणी वाटली. मी चिडले. शॉट संपला, टाळ्या पडल्या, मार्क चांगले मिळाले. 'सिल्हूट (म्हणजे नुसता काळा आकार) एकदम क्लिअर' असा शेराही मिळाला.

सुट्टीत जांबोटीकडच्या आमच्या गावी गेले तेव्हा आजीला तो शॉट मोबाईलवर दाखवला. तिनं मोबाईल हातभर लांब धरला, दोनदा बघितलं आणि विचारलं, "एवढा पाऊस पडालाय, इरलं कुठाय गं ह्यांचं?" मग परत एकदा बघून, "आणि सगळ्यांस्नी मागनंच काढलीस व्हय? मागनं काय दिसतंय? लावलेलं तर पुढं असतंय."

ज्यांनी इरलं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानांची शाकारणी. डोक्यावर घेतलं की पाठीवरून कमरेखालपर्यंत येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वाकून काम करणाऱ्या बाईला छत्री काय कामाची! आता बहुतेक जणी प्लास्टिकचा कागद गुंडाळतात, खरं (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात) काहीतरी असतंच अंगावर. आषाढातल्या त्या पावसात उघड्यावर कोण उभं राहील?

तर माझ्या पहिल्या कच्च्या चित्रांत इरली होती. ती मीच काढून टाकली. कारण वहीत लिहून ठेवलंय: 'आकार कासवासारखा दिसतो, कंबर कळत नाही.' इरलं गेलं, पाऊस राहिला. मग लुगडी भिजली, अंगाला चिकटली. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, मागे. म्हणजे पोरांनी नाव वाचून जी शिट्टी मारली होती तिच्या लायकीचाच शॉट मी केला होता. कुणी सांगितलं नव्हतं. निर्माता नाही, गिऱ्हाईक नाही, शेजारी कुणी पुरुष बसलेला नाही. मी, बेळगावात वडगावच्या घरातली टेबललँप आणि खाली चालू असलेला माग.

त्या सेमिस्टरला 'मीडिया थिअरी' नावाचा पेपर होता आणि त्यात स्त्रियांच्या लैंगिकीकरणावर अख्खं एक युनिट होतं. मी त्याच्या झेरॉक्स आदल्या रात्री वाचून ५८ मार्क काढले होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे डोक्यात आलं ते आजीनं इरलं विचारल्यावर. खाली लिहिलंय ते ज्युनिअरांसाठी, जे आता त्याच झेरॉक्स काढायला रांगेत उभे असतील.

आधी स्वतःची वही

थिअरी वाचायला घेताना लोक पहिल्यांदा सिनेमाची पोस्टरं काढून बसतात, कारण दुसऱ्याची चूक दाखवायला सोपी. तसं करू नका. स्वतःच्या जुन्या स्केचबुका काढा. त्यांतल्या २० बायका आणि २० पुरुष निवडा, निवडताना लाज वाटणारी चित्रं वगळू नका. पट्टी घ्या आणि मोजा.

माप डोक्याचं धरायचं. साधारण प्रौढ माणूस साडेसात डोकी उंच काढतात हे आपल्याला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं असतं. प्रत्येक चित्रात बघा: कंबर डोक्याच्या किती पट, मनगट केवढं, पाऊल केवढं. माझ्या २० बायकांपैकी १७ जणींची कंबर त्यांच्याच डोक्यापेक्षा अरुंद निघाली. त्यात एक कंडक्टर होती, जिला रोज भरलेल्या बसमधनं वाट काढायची असते. पुरुषांत मात्र सगळी वस्ती होती. टकले, ढेरपोटे, बोळके, एकाचं नाक भज्यासारखं. बायकांची मी केस वगळून तोंडं ट्रेस केली आणि मैत्रिणीला दाखवली. आजी कोण, मास्तरीण कोण, कंडक्टर कोण, तिला ओळखता येईना. मलाही दोन ओळखता आल्या नाहीत.

दुसरी चाचणी उभं राहण्याची. चित्रातली पोझ घ्या आणि घरातल्या कुणाला तरी तशी करायला लावा. मी धाकट्या भावाला उभं केलं. छाती कॅमेऱ्याकडे, पार्श्वभागही कॅमेऱ्याकडे, एक गुडघा आत, टाच उचललेली. तो दहा सेकंदांत भिंतीला धरला आणि म्हणाला, "हिची कंबर दुखत नाही काय?" हाच प्रश्न तुम्हाला उत्तरपत्रिकेत लिहायचाय, फक्त तिथं त्याला जरा जड शब्द लागतात.

मोजून झालं की वही फाडू नका. तारीख घाला आणि ठेवा. पुढे प्रबंधिका लिहायची वेळ आली की हाच तुमचा माल आहे.

तीन रंगांच्या पेन्सिली

ह्या युनिटात पहिलं नाव येतं लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईचं. तिचा निबंध १९७५ मध्ये 'स्क्रीन' या नियतकालिकात आला आणि 'पुरुषी नजर' हा शब्दप्रयोग तिथून सगळीकडे गेला. निबंध हॉलिवूडच्या सिनेमांवर आहे आणि फ्रॉइड, लाकां या मनोविश्लेषकांच्या खांद्यावर उभा आहे. पहिल्यांदा वाचणारा तिथेच चिखलात रुततो. माझा सल्ला, आधी शेवटाकडे जा. तिथं ती म्हणते की सिनेमात तीन नजरा असतात. कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडे बघण्याची. नेहमीचा सिनेमा पहिल्या दोन लपवतो आणि तिसरी तेवढी पुढे करतो. एवढं पक्कं झालं की मग फ्रॉइडकडे या.

अ‍ॅनिमेशनवाल्याला हे समजणं सिनेमावाल्यापेक्षा सोपं आहे, कारण आपल्या कॅमेऱ्यासमोर कुणी चुकून येत नाही. फ्रेममधलं गवताचं पातंही आपण ठरवून काढलेलं असतं. तर स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉट आखलेल्या चौकटींची, झेरॉक्स काढा. लाल पेन्सिलीनं कॅमेऱ्याची दिशा आणि उंची दाखवणारा बाण काढा. निळ्यानं प्रत्येक पात्र कुठं बघतंय तो बाण. हिरव्यानं एक ठिपका, बघणाऱ्याचा डोळा जिथं जाऊन पडेल तिथं. सगळ्यात उजेड कुठं आहे, काय हलतंय, रेषा कुठं जमतात, यावरनं तो ठिपका ठरतो.

माझ्या बोर्डात १४ चौकटी होत्या. लाल बाण सगळे मागून आणि खालून. हिरवे ठिपके सगळे कमरेखाली, कारण हलत होतं तेवढंच. निळे बाण? एकही नाही. नऊ बायकांपैकी एकीचाही डोळा फ्रेममध्ये नव्हता. चार महिने लेक्चरला बसून जे कळलं नव्हतं ते अर्ध्या तासात टेबलावर दिसलं.

पेपर इंग्रजीत असला तरी हा शब्द आपल्या भाषेत घोळवून बघा, फायदा होतो. मराठीत नजर लागते, दृष्ट काढावी लागते, डोळे वटारले जातात, डोळे फिरतात. म्हणजे बघणं हे काहीतरी करणं आहे हे भाषेला आधीच माहीत आहे. माझी एक मैत्रीण सौंदत्ती तालुक्यातली, कन्नड बोलणारी. ती म्हणाली, आमच्यात 'नोट' म्हणतात. मला पैशांचीच नोट आठवली आणि आम्ही खूप हसलो. दर १ नोव्हेंबरला गावात भाषेवरून काय वातावरण असतं हे बेळगावकरांना सांगायला नको. खरं त्या रात्री आम्ही दोघींनी नोट आणि नजर एकाच कागदावर लिहून तो पेपर सोडवला.

तिच्याच तालुक्यात यल्लम्माचा डोंगर आहे. आमची आजीही जाते. रेणुकेची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलेली असेल: ती नदीवर पाणी आणायला जाते, तिथं गंधर्व आपल्या बायकांबरोबर जलक्रीडा करताना दिसतो, क्षणभर तिचं मन तिकडे जातं. जमदग्नीला ते कळतं आणि परशुरामाला आईचं डोकं उडवायची आज्ञा होते. मल्व्ही विचारते, बाईकडे कोण बघतंय. ही गोष्ट उलट बाजूनं येते: बाईनं बघितलं. म्हणून मी माझ्या तीन रंगांच्या पद्धतीत एक जादा प्रश्न घातला, तो तुम्हीही घाला. ज्या चौकटीत बाई बघतेय, तिच्या पुढच्या दोन चौकटींत तिचं काय होतं? भुताच्या गोष्टींत दार किलकिलं करून बघणाऱ्या पोरीचं काय होतं ते आठवा. त्याच डोंगराच्या नावानं मुली देवदासी म्हणून सोडल्या जायच्या आणि ते बंद करायला कर्नाटकाला १९८२ मध्ये कायदा आणावा लागला, हाही या विषयाचाच भाग. तो दोन ओळींत उरकण्याजोगा नाही, म्हणून मी इथं थांबतो.

'थांबतो' हे चुकून आलेलं नाही. आमच्याकडे पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याला आठवड्याच्या वर्कशॉपला गेले होते तेव्हा माझ्या प्रत्येक वाक्यावर एक मुलगा हसायचा. बाईनं कसं बोललं की ती बाई वाटते याचा त्याच्याकडे नमुना तयार होता. लेखात मी 'लिहिते' लिहिते. घरी फोनवर 'लिहितो'च म्हणतो.

गणपत गल्लीत हात मोजायला जा

मल्व्हीनंतर लगेच अर्व्हिंग गॉफमन वाचा. हा समाजशास्त्रज्ञ. १९७९ च्या पुस्तकात त्यानं जाहिरातींतले शेकडो फोटो एकाशेजारी एक लावले. त्याची गंमत अशी की तो उघड्या अंगाकडे फारसा बघतच नाही. तो हात बघतो, मानेचा कल बघतो, गुडघ्याचा बाक बघतो, कोण उंच उभं आहे ते बघतो. त्याचं एक निरीक्षण माझ्या डोक्यात कायमचं बसलं: जाहिरातीतल्या बाईचा हात वस्तू पकडत नाही. नुसता लागतो, कुरवाळतो, कडेवरून फिरतो. पकडतो तो पुरुषाचा हात.

एक दुपार काढा आणि खडे बाजारातून गणपत गल्लीपर्यंत चालत जा. साडी, सोनं, पार्लर, क्लास, सगळे बोर्ड बघत. मी गेले त्या दिवशी बाई असलेले ३१ बोर्ड मोजले. हातानं काही काम करणाऱ्या बायका दोन. एकीच्या हातात पळी, एकीच्या हातात कात्री. बाकीच्यांचे हात गालाला, पदराला, हाराला, कुणाचा हवेत. आणि बरोबर त्या बोर्डांखाली एक मावशी एका हातात तराजू धरून दुसऱ्या हातानं वांगी टाकत होती. तिच्या मनगटाच्या शिरा मी तिथंच उभ्यानं काढल्या. तिनं दोनदा विचारलं, काय पाहिजे. शेवटी अर्धा किलो घेतली.

मग ५० हात काढा, सगळे काहीतरी घट्ट धरलेले. आमच्या घरी आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते. सुटलेलं टोक ती ज्या पद्धतीनं दोन बोटांत पकडते त्याला माझ्या शारीररचनेच्या पुस्तकात चित्र नाही. निपाणीच्या बाजूला पाहुणे असतील तर विडी वळणाऱ्या बायकांची बोटं बघा. पान, तंबाखू, वळण, दोरा, सगळं मान वर न करता. हे हात एकदा आले की 'हवेतला हात' काढताना तुमचाच पेन अडखळेल.

तत्त्वांच्या आडून

आपल्याकडे अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं पाठ करून घेतात. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात ती मांडली. कामाची आहेत, मी रोज वापरते. खरं त्यांच्या आड लपायला जागा भरपूर आहे, आणि हे थिअरीचे लेख सांगत नाहीत, कारण ते लिहिणाऱ्यांनी कधी चित्रं हलवलेली नसतात.

'स्टेजिंग' घ्या. मुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे एवढंच हे तत्त्व म्हणतं. मुद्दा कुठला, ते तुम्ही ठरवता. मी इरलं काढलं ते ह्याच तत्त्वाच्या नावानं. 'फॉलो थ्रू' म्हणजे शरीर थांबल्यावर सैल भाग मागून येऊन थांबतात. थ्रीडीत कुणीही पोरगं रिगला, म्हणजे पात्र हलवायच्या सांगाड्याला, पहिल्यांदा छातीचं हाड जोडतं, त्याला उसळी लावतं आणि म्हणतं, तत्त्वच आहे ना. मग पदर का काठीसारखा ताठ? वेणी का खांद्याला चिकटलेली? बांगड्या का हलत नाहीत? ज्या शरीरात फक्त एकच अवयव भौतिकशास्त्र पाळतो, तिथं भौतिकशास्त्राचं नाव घेऊ नये. 'अपील'चंही तेच. आकर्षण म्हणजे बघत राहावंसं वाटणं. व्हिलनलाही अपील लागतं असं सर सांगतात. मग बाईच्या बाबतीतच त्याचा अर्थ 'सुंदर' कसा होतो?

याचा इतिहास वाचताना बेटी बूप नक्की बघा. फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनमधली बाई. १९३० मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिला कुत्र्यासारखे लोंबते कान होते. दोन वर्षांत त्यांचे कानातले रिंग झाले आणि ती पुरती बाई झाली. आखूड झगा, मांडीला गार्टर (मोजा धरून ठेवणारा पट्टा). १९३४ पासून हॉलिवूडमध्ये सेन्सॉरचे नियम कडक झाले तसा तिचा झगा खाली आला, गळा वर गेला, गार्टर गायब. परीक्षेत सगळे इथं 'सुधारणा झाली' असं लिहून मोकळे होतात. दोन्ही काळातले तुकडे शेजारी लावून आवाज बंद करून बघा. कपडा वाढला, खरं तिची खोडीही गेली. तिला गप्प बसवलं आणि त्यालाच सभ्यपणा म्हटलं, असं मला तरी वाटतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. 'ब्रेव्ह' या अ‍ॅनिमेशन सिनेमातली मेरिडा, धनुष्यवाली, विस्कटलेल्या लाल केसांची. २०१३ मध्ये डिस्नेनं तिला राजकन्यांच्या ओळीत बसवायला नवं चित्र काढलं. कंबर बारीक, गळा खाली, केस विंचरलेले, धनुष्य नाही. २ लाखांवर लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि तिला जन्म देणारी दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन हिनंही जाहीर नाराजी सांगितली. दोन्ही चित्रं वर्गात लावा आणि फक्त धनुष्याबद्दल बोला. ते काढलं तेव्हा तिच्या हातांचं काय झालं? (गॉफमन आठवला असेल.)

काढणारे हात कुणाचे, हाही प्रश्न आहेच. १९३८ मध्ये डिस्ने स्टुडिओनं नोकरी मागणाऱ्या एका मुलीला कळवलं होतं की कार्टूनचं सर्जनशील काम तरुण पुरुषच करतात, बायकांना काम फक्त शाई आणि रंग भरण्याचं. ते पत्र आज इंटरनेटवर सहज सापडतं. आमच्या वर्गात आम्ही ३२ पैकी ११ मुली आहोत आणि तरी माझा शॉट तसा निघाला, हे लक्षात ठेवा. मुली आल्या की आपोआप नजर बदलते असं गृहीत धरून उत्तर लिहिणाऱ्यांसाठी सांगते.

मार्था नुसबॉम या तत्त्वज्ञ बाईचा १९९५ चा लेखही असतो. माणसाची वस्तू कशी केली जाते याच्या सात खुणा तिनं दिल्यात. सगळ्या पाठ करा, मार्क त्यालाच आहेत. मला चावली ती एक: अदलाबदल. एक वस्तू गेली की तशीच दुसरी चालते. माझ्या शॉटमधल्या नऊ बायका म्हणजे एकच बाई होती. एक सायकल, म्हणजे परत परत फिरवता येणारी हालचाल काढली, नऊदा कॉपी केली, प्रत्येकीला तीन-तीन फ्रेम पुढंमागं सरकवलं. वेळ वाचवायची ही रीतसर शिकवलेली युक्ती आहे. भाताच्या रोपांनाही मी तीच लावली होती.

कपड्यांवर अडकू नका

सगळ्यात जास्त मार्क इथं जातात आणि सगळ्यात जास्त भांडणंही इथंच होतात. लैंगिकीकरण म्हणजे कमी कपडे, असं लिहू नका. लावणीच्या दिवसांत आमच्या आजीचं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं असतं आणि शेताच्या बांधावर उभ्या कुणाला त्यात काही दिसत नाही. त्याच पायांवर मी खालून कॅमेरा लावला की दिसतं. उलट नऊवारीत नखशिखांत झाकलेली बाईही कॅलेंडरवर नुसती बघण्यापुरती बसवता येते.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००७ च्या अहवालात चार कसोट्या आहेत, त्या वापरा: माणसाची किंमत फक्त लैंगिक आकर्षणावर ठरवणं, सुंदर आणि 'सेक्सी' एकच मानणं, माणसाला दुसऱ्याच्या वापराची वस्तू करणं, आणि विशेषतः लहान मुलींवर लैंगिकता लादणं. चारपैकी एक लागू झाली तरी पुरे. यात कपड्याचा उल्लेख नाही हे वाचतानाच कळेल.

दुसऱ्या लावणीबद्दलही इथं विचारतात. फडावरची बाई शृंगार करते, डोळा मारते, खरं ती बघणाऱ्याकडे सरळ बघून करते. कुणाला चिमटा काढायचा, कुणाला गप्प करायचं, ते तिच्या हातात असतं. निळ्या पेन्सिलीचे बाण तिच्या चौकटीत भरपूर निघतील. त्याच वेळी त्या फडावर कुठल्या जातीच्या बायका आल्या आणि त्यांना दुसरं काय करता आलं असतं, हे विसरून नुसतं 'सशक्त' लिहिलंत तर तेही खोटं. दोन्ही लिहा. उत्तर अर्धं पान वाढेल, वाढू दे.

चन्नम्मा सर्कलवरचा गृहपाठ

कित्तूरच्या राणी चन्नम्माचा घोड्यावरचा पुतळा बेळगावात कुणाला दाखवायला लागत नाही. आमच्या वर्गात 'गेमसाठी चन्नम्मा' अशी असाइनमेंट होती. आलेल्या चित्रांपैकी बहुतेकांत बाविशीची पोरगी, पोट उघडं, छातीवर दोन वाट्या ठोकलेलं चिलखत. आता हिशोब करा. जन्म १७७८ चा धरला तर इंग्रजांशी कित्तूरची लढाई झाली त्या ऑक्टोबर १८२४ मध्ये ती ४६ वर्षांची होती. नवरा गेलेला, मुलगा गेलेला, दत्तक नामंजूर, दारात धारवाडचा कलेक्टर थॅकरे. त्या लढाईत थॅकरे मारला गेला. पुढे तिला पकडून बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, तिथंच १८२९ मध्ये ती वारली.

कृती अशी. पुतळ्याखाली उभं राहून नाही, जरा लांब, रस्त्यापलीकडे उभे राहा आणि नुसता काळा आकार काढा. घोडा, तलवार, बसणं. मग ४६ वर्षांच्या ओळखीच्या बाईचा चेहरा घ्या. मी आमच्या शेजारच्या काकूंचा घेतला, ज्या पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडतात. चिलखत काढायचं असेल तर जिथं मार बसला की माणूस मरतो तो भाग आधी झाका, म्हणजे छातीबरोबर पोटही. छातीवर वाट्या ठोकल्या तर वार घसरून बरोबर मधल्या खाचेत येतो, एवढं साधं लोहारकाम आहे. घोड्यावर मांड टाकायला काष्टा कसा लागतो ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा.

गिऱ्हाईक म्हणालं तर

मी दोन वर्षं एका फ्लेक्सच्या दुकानात अर्धवेळ काम केलं. तिथं एकदा साडीच्या सेलचा बॅनर होता. जागा कमी पडली तसं मालकानं मॉडेलचं डोकं कापून टाकलं, गळ्यापासून खाली ठेवलं. मी मल्व्ही सांगायला गेले आणि पुढचे दोन दिवस मला फक्त वाढदिवसाचे बॅनर मिळाले.

नंतर शहाणी झाले. भाषण करायचं नाही, दोन छोटी चित्रं पुढं ठेवायची. एकात डोकं कापलेलं, एकात बाई काठ हातात घट्ट धरून दाखवतेय आणि काठाची नक्षी मोठी दिसतेय. साडी विकायची आहे ना? बहुतेक वेळा दुसरंच पास होतं. अगदीच अडलं तर स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा १९८६ चा कायदा आहे, आणि जाहिरातींच्या स्वनियंत्रण मंडळाची, अ‍ॅस्कीची, लिंगभेदी साच्यांबद्दलची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती मोबाईलमध्ये ठेवा. मालक वाचत नाही, खरं तारीख बघून जरा बिचकतो.

परत तोच शॉट

मी तो शॉट पुन्हा केला, मार्कांसाठी नव्हे, कारण आता कुणी मागत नव्हतं. आधी दोन दिवस शेतात गेले. तिथं आजीचं वाक्य कळलं. लावणी करताना बाई उलटी, मागं मागं सरकत जाते, लावलेलं पायाखाली येऊ नये म्हणून. म्हणजे लावलेली हिरवी ओळ तिच्या तोंडासमोर असते आणि पाठीमागं नुसता चिखल. मागून कॅमेरा लावला की काम दिसतच नाही. माझ्या १३२ चित्रांत भाताची एक काडीही जमिनीत गेलेली नव्हती.

नव्या शॉटमध्ये नऊच्या तीन बायका केल्या, कारण तीन वेगळी शरीरं हलवायला मला नऊ आठवडे लागले. एक जाड, एक डावखुरी, एक माझी आजी, जिला दर पाच-सहा चुडांनी (एका जागी लावलेल्या रोपांची जुडी म्हणजे चूड) कमरेवर हात ठेवून उभं राहायला लागतं. कॅमेरा पुढे, चिखलापासून वीतभर वर. इरली आहेत. त्यांच्या कडेवरनं पाणी निथळतं, तोच माझा फॉलो थ्रू. सिल्हूट कासवासारखंच आहे. एकदा डावखुरी मान वर करून कॅमेऱ्याकडे बघते आणि परत कामाला लागते. निळा बाण एक.

दिवाळीत आजीला दाखवला. तिनं परत मोबाईल लांब धरला. ह्या वेळी चार वेळा बघितलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "एका चुडात एवढा तरवा लावतंय व्हय कोण? दोन-तीन काड्या बास. आणि अंगठा असा न्हाई, आत दाबायचा." तिनं माझा हात धरून सतरंजीवर दाबून दाखवला.

अंगठ्याची १६ चित्रं आहेत. सध्या ती पुसतोय.